धानासाठी पहिल्यांदा पीक कर्ज काढताय? मग जूनची वाट पाहू नका

पऱ्हे (धानाची रोपं) पंचवीस दिवसांचे झाले की रोवणी करावीच लागते, आपल्याकडे पैसा आला की नाही ते पऱ्ह्याला कळत नाही. आपल्या धानपट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या भागात, कर्जाचा सगळा घोळ इथंच होतो. चिखलणीचे ट्रॅक्टरवाल्याला द्यायचे, रोवणीच्या बायांची मजुरी त्याच आठवड्यात चुकती करायची, डीएपी-युरिया आणायचा, हे सगळं जूनच्या शेवटापासून जुलै संपेपर्यंत एका महिन्यात अंगावर येतं, आणि आपण बँकेत जातो तेही जूनमध्येच. तिथं एखादा कागद कमी निघतो, साहेब म्हणतात पुढच्या सोमवारी या, आणि पुढच्या सोमवारपर्यंत बांधीत (धानाच्या शेतात) पाणी भरलेलं असतं.

माझंच सांगते. बाबा २०१६ च्या फेब्रुवारीत गेले. अडीच एकर धान, मी, आई आणि भाऊ. भाऊ नागपूरला कामाला, शेती माझ्याकडं आली. जूनच्या शेवटी सोसायटीत (गावातली सेवा सहकारी संस्था) गेले तर गटसचिव, म्हणजे तिथला कारभार बघणारे, म्हणाले, "कर्ज तर बाबाजींच्या नावानं होतं न ताई, आता तुमचं नाव सातबारावर चढल्याशिवाय मी कसं देऊ शकतो?" त्यांचं चुकलं नव्हतं. वारस नोंद करायची असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग एका व्यापाऱ्याकडून ३०,००० घेतले, शेकडा तीन महिन्याला, आणि वरून अट की धान त्यालाच द्यायचं. नोव्हेंबरात घरी खायचं ठेवून ३० क्विंटल त्याच्या काट्यावर गेलं. त्या वर्षी साध्या धानाचा हमीभाव १,४७० होता, त्यानं १,२०० लावले. ३६,००० झाले, त्यातून मुद्दल ३०,००० आणि पाच महिन्यांचं व्याज ४,५०० कापलं, माझ्या हातावर १,५०० रुपये ठेवले. व्याज ४,५०० दिसतं, पण भावात गेलेले ८,१०० कोणी व्याजात धरत नाही. ते धरले तर ३०,००० च्या वापराचे मी पाच महिन्यांत १२,६०० रुपये मोजले.

त्यानंतर आजपर्यंत दर वर्षी सोसायटीचं कर्ज घेते आणि भरते, गावातल्या बायांचे कागद पण लावून देते. पहिल्यांदा कर्ज काढणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमानं लिहितेय.

पहिलं काम: फेब्रुवारी-मार्चमध्ये सातबारा उघडून बघा

बँक नाही, सोसायटी नाही, आधी सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवरून १५ रुपयांत निघतो, सेतूवाला त्याचे थोडे जास्त घेईल. सोबत आठ-अ (तुमच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा. आणि काढून नुसता फाइलीत घालू नका, वाचा. तीन गोष्टी बघायच्या. तुमचं नाव आहे का आणि आधारवर आहे तसंच आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, आणि "इतर हक्क" या रकान्यात कोणाचा जुना बोजा (कर्जाची नोंद) पडून आहे का. आमच्या गावात एका काकांच्या सातबारावर त्यांच्या वडिलांच्या विहिरीच्या कर्जाचा बोजा होता, कर्ज कधीच फिटलेलं, पण बोजा काढायचा अर्जच कोणी दिला नव्हता, त्यापायी त्यांचा पूर्ण खरीप गेला.

जमीन अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, म्हणून हे काम सगळ्यात आधी. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडं द्यायचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच). ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन पण देता येतो. मग फेरफार (नाव बदलाची नोंद) पडतो, नोटीस लागते, हरकतीचे पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी मंजूर करतात तेव्हा नाव चढतं. म्हणायला महिन्याचं काम, एखाद्या वारसाचा पत्ता सापडला नाही की तीन महिने. आणि बहिणींची नावं गाळू नका, काही घरांत "पोरी लग्न होऊन गेल्या, त्यांचं काय काम" म्हणून गाळतात, पण हक्क तर त्यांचाही आहे, आणि पुढं कोणी हरकत घेतली की फेरफारही अडकतो आणि कर्जही.

सातबारावर चार-पाच नावं असतील तर त्याला सामाईक खातं म्हणतात. अशा वेळी बँक एकतर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र मागते नाहीतर फक्त तुमच्या हिश्श्यापुरतं कर्ज देते. भाऊ पुण्याला, बहीण छत्तीसगडला असं असेल तर दिवाळीला किंवा एखाद्या लग्नाला सगळे जमतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवा, जूनमध्ये फोन करून कोणी येत नाही. वाटणीच करायची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो, सगळे राजी असतील तर सोपं आहे.

बाकी कागद पटकन सांगते. आधार, पॅन, फोटो, बँक पासबुक, आणि शेतकरी ओळख क्रमांक म्हणजे फार्मर आयडी. हा आयडी १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना बंधनकारक झालाय, बँकाही मागतात, सेतूत काढून मिळतो. मागच्या हंगामाची ई-पीक पाहणी (शेतातलं पीक मोबाइलवरून सातबारावर नोंदवणं) केलेली असू द्या. सातबारावर पिकाचा रकाना कोरा असला की बँकेत तर प्रश्न येतोच, पुढं हमीभावाच्या केंद्रावर धान घालतानाही येतो. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे, फक्त बांधीत उभं राहून करावं लागतं आणि तिथंच नेमकी रेंज नसते, तेव्हा शेवटच्या तारखेवर ठेवू नका.

दुसरं: सोसायटी की बँक

गावातली सेवा सहकारी संस्था, म्हणजे आपली सोसायटी, ही जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा पैसा आपल्यापर्यंत आणते. एक-दोन एकरवाल्याला मला विचाराल तर पहिलं कर्ज सोसायटीतूनच घ्या. गटसचिव तुम्हाला ओळखतो, बांधी कुठं आहे ते त्याला माहीत असतं, चकरा कमी पडतात. त्यासाठी सभासद व्हावं लागतं, प्रवेश फी आणि शेअर्सची रक्कम भरायची, नंतर कर्ज वाढलं की शेअर्सपोटी थोडी कपात होत राहते, ती रक्कम तुमच्याच नावावर जमा असते म्हणून पावती जपून ठेवा.

पण सोसायटीत एक गोष्ट बाहेरच्याला कळत नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी गटसचिव एक यादी बनवतो, तिला कमाल मर्यादा पत्रक म्हणतात. कोणत्या सभासदाला किती एकरावर किती कर्ज द्यायचं ते त्यात असतं आणि ती यादी जिल्हा बँकेकडून मंजूर होऊन येते. तुमचं नाव त्या यादीत नसेल तर जूनमध्ये तुम्ही कितीही कागद घेऊन उभे राहा, गटसचिवाच्या हातात फार काही राहत नाही. म्हणून मार्चमध्येच जाऊन सरळ विचारायचं, "भाऊ, यंदाच्या क.म. पत्रकात माझं नाव घेतलं का, किती एकर धरले?" हा एक प्रश्न विचारला तरी समोरच्याला समजतं की यांना माहिती आहे. सभासद करून घ्यायलाच कोणी टाळत असेल तर तोंडी वाद घालण्यात अर्थ नाही, लेखी अर्ज द्या आणि पुढं तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं जा.

सोसायटीच बुडीत असेल किंवा जिल्हा बँकेकडं पैशाची तंगी असेल तर राष्ट्रीयीकृत बँक किंवा ग्रामीण बँक. (विदर्भ कोकण ग्रामीण बँक मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली, जुनी पासबुकं बघून गोंधळू नका.) इथं किसान क्रेडिट कार्ड मिळतं, केसीसी. ही योजना १९९८ पासून आहे. एकदा कार्ड झालं की पाच वर्षं चालतं, दर वर्षी सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, आणि लागेल तेवढेच पैसे काढा, तेवढ्यावरच व्याज. तुमचं गाव कोणत्या शाखेला दत्तक आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर चार ठिकाणी "तुमचं गाव आमच्याकडं नाही" ऐकावं लागतं. आणि एकाच सातबारावर सोसायटी आणि बँक दोन्हीकडून पीक कर्ज घ्यायचा विचार करू नका, बोजा दिसतोच.

किती मिळेल

गटसचिव किंवा मॅनेजर आकडा मनानं काढत नाही. प्रत्येक पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं ते जिल्ह्याची तांत्रिक समिती दर वर्षी ठरवते, त्याला पीक कर्ज दर म्हणतात. यंदाचा धानाचा दर काय ते सोसायटीत विचारा, उन्हाळी धानाचा वेगळा विचारा. समजा हेक्टरी ६०,००० धरला आणि तुमची जमीन एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर आहे, तर पीक खर्चाचे ६०,०००. केसीसीमध्ये यावर १० टक्के घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी, आणि २० टक्के शेतीच्या अवजारं-साधनांच्या देखभालीसाठी धरता येतात, म्हणजे अजून ६,००० आणि १२,०००, एकूण ७८,००० ची मर्यादा बसते, विम्याचा हप्ता वेगळा. शिवाय पुढच्या वर्षांसाठी दर वर्षी १० टक्के वाढ धरायची तरतूद आहे. पुष्कळ शाखा नुसता पहिला आकडा लावून मोकळ्या होतात आणि आपण विचारत नाही. विचारा. सोसायटीत मात्र बहुतेक वेळा एकराचा दर गुणिले एकर एवढाच हिशोब असतो, काही ठिकाणी त्यातला एक भाग खताच्या रूपात मिळतो.

अगदी अर्धा एकरवाल्यांसाठी पण सोय आहे. अत्यल्पभूधारकांना १०,००० ते ५०,००० पर्यंतचं लवचीक केसीसी देता येतं, त्यात जमिनीच्या किमतीचा प्रश्न येत नाही. काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही.

तिसरं: काउंटरवर काय बोलायचं

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जा. नवं आर्थिक वर्ष लागलेलं असतं, खरिपाचं वाटप सुरू होतं, गर्दी कमी असते. अर्ज दोन प्रतीत न्या आणि एका प्रतीवर तारीख टाकून पोच घ्या. ही पोच सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण पूर्ण अर्ज दिल्यापासून १४ दिवसांत केसीसीचा निर्णय द्यावा अशा सरकारी सूचना आहेत, आणि पोचच नसेल तर १४ दिवस कुठून मोजणार? मी पहिल्या वर्षी एका बँकेत अर्ज नुसता देऊन आले होते, दीड महिन्यानं गेले तर म्हणे अर्जच सापडत नाही.

काउंटरवर हमखास जे ऐकायला मिळतं ते एकेक करून.

"तारण काय देता?" रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतचं शेती कर्ज विनातारण केलंय, आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. पीकच तारण असतं. दोन-तीन एकर धानाचं कर्ज २ लाखांच्या वर जातच नाही, म्हणजे जमीन गहाणखत करून द्यायची किंवा जामीनदार आणायची गरज नाही. सोसायटीत इकरार (कर्जाचा करारनामा) करून सातबारावर बोजा चढवतात तो प्रकार वेगळा, तो सगळ्यांचाच होतो, घाबरू नका.

"प्रोसेसिंग फी लागेल." ३ लाखांपर्यंतच्या केसीसीला प्रोसेसिंग आणि तपासणीची फी माफ करायला बँकांना २०१९ मध्येच सांगितलंय.

"सिबिल खराब आहे." सिबिल म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली याची नोंद, आणि हा आजकालचा सगळ्यात मोठा अडथळा, मोबाइलच्या हप्त्यापायी पोरांचे सिबिल गेलेत. पीक कर्जाला सिबिलची अट लावू नका असं मुख्यमंत्र्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या २०२५ च्या बैठकीत बँकांना बजावलंय. तरी शाखा लावतात, खोटं का सांगू. अशा वेळी "मला नकार कारणासहित लेखी द्या" म्हणायचं, आवाज चढवायचा नाही, तिथंच बसून राहायचं. लेखी नकार द्यायला सहसा कोणी तयार होत नाही आणि मग आतून रस्ता निघतो.

"सोबत ही पॉलिसी घ्यावी लागेल" किंवा "एवढी एफडी ठेवा." नाही लागत. आयुर्विमा हवा असेल तर घ्या, चांगलाच आहे, पण तो पीक कर्जाची अट नाही. पीक विमा पण २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक आहे, नको असेल तर शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी तसं लेखी द्यावं लागतं, नाहीतर हप्ता आपोआप कापला जातो. मी स्वतः विमा काढते. महाराष्ट्रातला एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आपला हिस्सा आहे. तुडतुड्यानं (धानावरच्या किडीनं) दोन दिवसांत बांधी जळताना मी पाहिलीय, त्यापुढं तो हप्ता मोठा वाटत नाही.

एवढं करूनही बँक हलत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकाकडं अर्ज द्या, आपल्या भंडारा-गोंदिया भागात अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया. राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते.

जमीन नावावर नाही त्यांचं काय

ठेक्यानं किंवा बटईनं करणाऱ्यांचा प्रश्न खरा अवघड आहे आणि माझ्याकडं त्याचं सोपं उत्तर नाही. नियमात भाडेपट्टीवाले, तोंडी कूळ, बटईदार सगळे केसीसीला पात्र आहेत. पण मालक कागदावर लिहून देत नाही, त्याला भीती की कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल. एक मार्ग आहे, चार ते दहा जणांचा संयुक्त देयता गट करायचा, सगळे एकमेकांना जामीन, बँक गटाला कर्ज देते. गटात नातेवाईक कमी आणि रोज बांधावर भेटणारे जास्त घ्या, एकानं नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं असतं.

वनहक्क पट्टेवाल्यांना गडचिरोलीकडं सर्रास परत पाठवतात, "पट्टा गहाण होत नाही" म्हणून. पट्टा विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही हे बरोबर आहे, वारसानं मात्र जातो, पण २ लाखांपर्यंत गहाणच लागत नाही तर हा मुद्दा येतो कुठून? हेच वाक्य काउंटरवर बोला. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो, तेव्हा दोघांनी सोबत जा.

गटाचं लोन आणि सावकार

बायकांना फायनान्सवाले घरी येऊन पैसे देतात, कागद काही नाही, दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात. पण हप्ता आठवड्याला किंवा महिन्याला, आणि धान पैसे देतं वर्षातून एकदा, नोव्हेंबर-डिसेंबरात, उन्हाळी असेल तर मे-जूनमध्ये अजून एकदा. मधल्या महिन्यांचा हप्ता कुठून आणणार? मग एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं लोन. घरात दूध, शिलाई, रोजंदारी असं आठवड्याला पैसा येणारं काही असेल तरच हे घ्या, रोवणीसाठी नको. त्यापेक्षा उमेदचा (सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) बचत गट बँकेशी जोडलेला असेल तर ३ लाखांपर्यंत ७ टक्के वर्षाला पडतं.

आणि सवाई-दीडी. आषाढात एक पोतं धान घ्यायचं आणि दिवाळीनंतर सव्वा किंवा दीड पोतं द्यायचं, हे अजून चालतं, आणि पोत्यात मोजतो म्हणून आपल्याला ते व्याज वाटत नाही. सवाईचा हिशोब करा, चार महिन्यांना २५ टक्के, म्हणजे वर्षाला ७५. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून वर्षाला ९ टक्के तारणावर आणि १२ टक्के विनातारण, यापेक्षा जास्त घेता येत नाही, २०१४ च्या सावकारी कायद्याखाली हे दर ठरलेत. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ झाले. जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडं तक्रार करून ती परत मिळवायची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तरीही अडीनडीला माणूस त्याच्याच दारात जातो हे मला ठाऊक आहे, मी पण गेले होते. निदान धान त्यालाच द्यायची अट तेवढी मान्य करू नका. भावात जास्त मरतो आपण.

पैसे आल्यावर

सगळे एकदम काढू नका. जूनमध्ये बियाणं आणि नांगरणी, जुलैत चिखलणी-रोवणी, ऑगस्टमध्ये निंदण आणि खताचा दुसरा डोस, सप्टेंबरात फवारणी. चार चिठ्ठ्या करा आणि तेवढेच काढा. मी पहिल्या वर्षी सगळे काढले आणि त्यातले ८,००० घराच्या कवेलूंना गेले, घर गळत होतं म्हणून वाईट वाटत नाही, पण तुडतुडा आला तेव्हा फवारणीला पैसे नव्हते.

फेडायचं कसं, आणि तारीख

स्वस्त कर्जाचा सगळा फायदा तारखेवर आहे. ३ लाखांपर्यंत केंद्राच्या हिशोबानं ७ टक्के, वेळेत भरलं की ३ टक्के सूट, म्हणजे ४. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंत वेळेत फेडणाऱ्याला व्याज शून्य पडावं असं राज्याचं धोरण आहे. काही ठिकाणी आधी व्याज भरून घेतात आणि सवलत नंतर खात्यात येते, तेव्हा पासबुक बघत राहा. एक दिवस चुकला तरी सवलत गेली. शेवटची तारीख कोणती ते कर्ज घेतानाच लिहून घ्या, गावाकडं सगळे ३१ मार्च धरतात आणि तेच बरं.

आता खरी अडचण. धान डिसेंबरात केंद्रावर घातलं, पणन महासंघाचं असो की आदिवासी विकास महामंडळाचं, तरी चुकारे (विकलेल्या धानाचे पैसे) कधी येतील याचा भरवसा नाही, दोन-दोन महिने लागतात. म्हणून नोंदणी खुली झाली की पहिल्याच आठवड्यात करा, हलकं (लवकर निघणारं) धान लावलं असेल तर दिवाळीच्या आसपास घालून मोकळे व्हा. २०२५-२६ ला साध्या धानाचा हमीभाव २,३६९ होता आणि अ दर्जाचा २,३८९, गावातल्या खरेदीचा भाव यंदाच्या हमीभावाशी ताडून बघा. चुकारे येईपर्यंत घरात पैसा नसेल आणि तुमच्या बाजार समितीत शेतमाल तारण योजना चालू असेल तर थोडं धान गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी मिळते. एक पोतं पण मातीमोल विकायची गरज पडत नाही.

मार्चच्या शेवटी "नवं-जुनं" करणारे खूप आहेत. कोणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी पैसे घ्यायचे, जुनं कर्ज भरायचं आणि नवं उचलून त्याचे त्याला द्यायचे. थकबाकीत जाण्यापेक्षा बरं म्हणून लोक करतात, पण त्या दहा दिवसांचे शेकडा दोन-तीन देतात आणि रोवणीचे पैसे एप्रिलमध्येच संपतात. चुकारे आले त्याच दिवशी निदान अर्धी रक्कम कर्ज खात्यात भरून टाका, मग मार्चमध्ये उरलेल्या अर्ध्यासाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही.

कर्जमाफीच्या आशेनं मुद्दाम थकवू नका. २०१७ ला दीड लाखापर्यंत झाली, २०१९ ला २ लाखांपर्यंत, खरं आहे. पण दोन हंगाम थकलं की खातं एनपीएत (बुडीत कर्जात) जातं, आणि माफी येईपर्यंतच्या प्रत्येक रोवणीला पुन्हा तोच व्यापारी आणि तोच शेकडा तीन.

पीकच गेलं तर गप्प बसू नका. पंचनामा करून घ्या, गावाची पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत आली तर वसुलीला स्थगिती आणि कर्जाचं पुनर्गठन मागता येतं, म्हणजे यंदाचं कर्ज हप्त्यांत आणि नवीन हंगामाला नवीन कर्ज. हे अर्ज देऊन मागावं लागतं.

शेवटचा हप्ता भरला की बेबाकी (काही बाकी नसल्याचा) दाखला तिथंच मागून घ्या. पुढं कर्ज घ्यायचं नसेल तर तो दाखला लावून तलाठ्याकडं बोजा कमी करायचा अर्ज द्या, आणि महिनाभरानं पुन्हा १५ रुपयांचा सातबारा काढून "इतर हक्क" चा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा.